ऋत्विकचा रविवार

ऐका, पण मधे कोणी बोलायचं नाही. सेजल, तू तर मुळीच नाही, कारण तुला अर्धी गोष्ट माहीत आहे आणि तीही चुकीची अर्धी.

तर झालं असं, दिवाळी नुकतीच उरकली होती, आणि पोलादपूरवरून आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या टमटममधून मी एका फाट्यावर एकटीच उतरले. समोर चढाची पायवाट, दोन्ही बाजूंना खांद्याएवढं गवत, आणि धुकं असं की पुढचं झाड म्हणजे माणूस वाटावा. तेवढ्यात ओढ्याकडून खरंच एक माणूस आला. म्हणजे आधी दिसलं ते त्याच्या डोक्यावरचं घमेलं... ओल्या चादरींनी भरलेलं, पाणी निथळणारं... आणि त्याच्याखाली एक लाल टी-शर्ट.

"ओ, कुशाबांचं घर कुठे आहे?" मी विचारलं.

"कुठले कुशाबा? वाडीत दोन आहेत."

"अंथरुणावर असतात ते."

"दोघंही असतात. एक दारू पिऊन, एक पाठीमुळे."

"पाठीमुळे."

"मग या माझ्या मागून. जपून, दगड ओले आहेत."

आता मला गप्प बसता येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. चढता चढता मी त्याला सगळं सांगितलं. की मी तेजश्री, महाडहून आले, 'विसावा' संस्थेची. की घरात कोणी अंथरुणाला खिळलं की सगळे पेशंटची चौकशी करतात, पण त्याचं सगळं करणाऱ्या घरच्या माणसाला कोणी विचारत नाही, तू जेवलास का, झोपलास का. आम्ही त्या माणसासाठी जातो. आठवड्यातून एकदा आमच्यातलं कोणीतरी पेशंटपाशी बसतं आणि ते घरचं माणूस बाहेर पडतं. बाजारात जावं, पिक्चरला जावं, नुसतं कुठेतरी जाऊन झोपावं. अट एकच, घरात थांबायचं नाही. घरात थांबलं की ते माणूस सुट्टी घेतच नाही.

"या घरात एक सारिका म्हणून आहेत," मी धापा टाकत म्हणाले. "एकट्या सगळं करतात म्हणे वडिलांचं. आता मला सांगा, वाडीतले तुम्ही पुरुष कधी हात लावता का?"

"छे. आमचं कुठलं."

"तेच. बाईच मरते सगळीकडे."

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला, आणि एका घराच्या अंगणात घमेलं उतरवून चादरी दोरीवर टाकायला लागला. पिळून, झटकून, कडा जुळवून. आतून आवाज आला, "ऋत्विक, आलास काय रे? बरोबर कोण हाय?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सारिका माझी बहीण. सव गावात दिलीय तिला. फोन तिने केला होता. वडिलांचं सगळं करतो मी."

सेजल, हसू नकोस म्हटलं ना.

आत कुशाबा, म्हणजे आबा. घराची कौलं शाकारताना वरून पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. जीभ मात्र शाबूत. ऋत्विकची आई आधीच गेलेली. तो मुंबईत लिफ्टच्या कंपनीत होता, ती नोकरी सोडून घरी आला, आणि तेव्हापासून वाडीच्या बाहेर म्हणजे रेशन आणि औषधं, एवढंच. त्याने मला सगळं दाखवलं. आबांना कुशीवर कसं वळवायचं, उशी कुठे लावायची, लघवीची नळी कशी मोकळी ठेवायची. आमचं ट्रेनिंग झालेलं होतं, तरी मी ऐकलं. हळू बोलायचा, आणि आबांच्या पाठीखाली हात घालताना आधी स्वतःचे तळवे एकमेकांवर चोळून गरम करायचा. ते मी पाहिलं. सांगून ठेवते.

"आता निघा," मी म्हणाले.

"कुठे?"

"मला काय माहीत? तुमची सुट्टी आहे."

तो निघाला. आणि थोड्या वेळाने आबा मला म्हणतात, "गो पोरी, तो मागं फणसाखाली बसलाय बघ. खिडकीतून त्याचे पाय दिसतात."

मी गेले तर खरंच बसलेला. म्हणाले, "तुम्ही गेला नाहीत."

"गेलो की. इथपर्यंत."

"पुढे काय झालं?"

"पुढे..." त्याने गवताची काडी मोडली. "पुढे कुठे जायचं ते आठवेना."

तुम्हाला सांगते, मला तेव्हा खूप राग आला. त्याचा नाही. कोणाचा तेही कळेना. मी म्हणाले, "आधी काय करायचात? ही सगळी भानगड व्हायच्या आधी?"

"बॉल टाकायचो. टेनिस बॉलच्या टुर्नामेंटा असतात ना, शेवटची ओव्हर माझी असायची."

"मग जा आणि बॉल टाका. बॅट्समन नसेल तर झाडाला टाका."

पुढच्या रविवारी तो गेला, खाली, पोलादपूरच्या ग्राउंडवर. परत आला तेव्हा ढोपर फुटलेलं होतं आणि चेहरा... कसं सांगू, कोणीतरी त्याच्या तोंडावरून ओला फडका फिरवल्यासारखा चेहरा. लख्ख.

आता अडचण ऐका. मी महाडला येऊन दर्शनाताईंना सांगितलं की सांभाळणारी बाई नाही, मुलगा आहे. दर्शनाताई म्हणजे संस्था ज्यांनी सुरू केली त्या. आवाज कधी चढवत नाहीत, म्हणून जास्त भीती वाटते. त्या म्हणाल्या, "तरुण मुलाच्या घरी एकटी मुलगी पाठवत नाही आपण. पण त्या चढावर जायला दुसरं कोणी तयारच नाही. तर असं करायचं. तू उंबऱ्याच्या आत, की तो गडग्याच्या बाहेर. तो आत, की तू बाहेर. आणि तेजश्री, कार्यकर्ता आणि घरचं माणूस यांच्यात काही सुरू झालं, तर त्या घरी जाणं त्या दिवसापासून बंद. माणूस उपकाराखाली असतो. त्याला नाही म्हणता येत नाही."

बरोबरच होतं ते. मला त्या दिवशी तर अगदीच बरोबर वाटलं. त्याच आठवड्यात ताई स्वतः एकदा वर जाऊन सगळ्यांना भेटून आल्या, भिंतीवर संस्थेचा नंबर चिकटवून.

तर गडगा. अंगणाभोवतीची दगडाची बुटकी भिंत. दर रविवारी मी ओट्यावर आणि तो गडग्यापलीकडे, मधे शेणाने सारवलेलं अंगण, आणि समोरच्या ओट्यावर साळूबाई. शेजारची म्हातारी. मी आले की ती येऊन बसायची आणि मी जाईपर्यंत हलायची नाही. एक शब्द बोलायची नाही. नुसती बघायची. मला वाटायचं, हिच्या डोळ्यांना रजिस्टर जोडलेलं आहे.

आणि गंमत बघा. मी त्या मुलाच्या प्रेमात पडले तो समोर नसताना. खरंच सांगते. चार-चार तास मी त्याच्या घरात असायचे आणि तो नसायचा. पण त्याचं स्वयंपाकघर असायचं. झाकून ठेवलेलं पिठलं, वर मिरची वेगळ्या वाटीत, कारण आबांकडून त्याने काढून घेतलं होतं की मला तिखट झेपत नाही. आबांच्या उशाशी पाण्याचा तांब्या डाव्या हाताला, कारण उजवा खांदा दुखतो. दोरीवर त्याचे शर्ट, सगळे उलटे वाळत घातलेले, रंग उडू नये म्हणून. आणि आबा तर पोस्टमनच.

"इचारत होता, तिला बहीणभाव हायत काय."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्या म्हटलं, तूच इचार. तर म्हणतो, गडग्यावरनं काय काय इचारू."

गडग्यावरून तो बरंच विचारायचा खरं तर. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"रविवार सोडून तू काय करतेस?"

"चष्म्याच्या दुकानात असते. लोकांना अक्षरं वाचायला लावते."

"मला पण चष्मा लागणार बहुतेक."

"का?"

"तू निघालीस की फक्त त्या वळणापर्यंतच दिसतेस."

"तिथपर्यंत सगळ्यांनाच दिसते. पुढे डोंगर आहे."

"म्हणजे डोंगराचा दोष."

"निघ आता, टीम थांबली असेल."

"तू आत जा, मग निघतो."

"तू निघ, मग जाते."

आतून आबा, "कोणीतरी कायतरी करा रे. मला कुशीवर वळायचंय."

एकदा तो हाताला बरंच खरचटून आला. मी पर्समधली पट्टी गडग्यावरून पुढे केली. त्याला एका हाताने ती लावता येईना. मग मीच लावली. बोटं टेकली असतील-नसतील... त्याच्या मनगटाला उन्हाचा आणि गवताचा वास होता, आणि मी पट्टी नको इतकी सारखी करत राहिले. समोरून साळूबाई खोकली. आम्ही असे दचकलो की गडग्याचा एक दगड निसटून पडला.

त्या दिवशी खाली उतरताना मला पहिल्यांदा भीती वाटली. कारण बघा ना. मला तो आवडत होता, म्हणजे उद्या कळलं तर मी बंद. मी बंद म्हणजे त्याचा रविवार बंद, कारण दुसरं कोणी वर चढणार नव्हतं. मग परत तो फणसाखालचा माणूस. माझ्या आवडण्याची किंमत त्याने भरायची. त्यामुळे मी ठरवलं, बोलायचंच नाही. तोही बोलत नव्हता. गडग्यावर आम्ही दुनियेतल्या सगळ्या विषयांवर बोललो, तो एक सोडून.

आणि मग टुर्नामेंट आली. पोलादपूरच्या ग्राउंडवर, मुंबईतली पोरंसुद्धा रजा टाकून आलेली. वाडीची टीम फायनलला पोचली, आणि शेवटची ओव्हर कोणाची ते सांगायलाच नको. फायनल रविवारी.

शनिवारी संध्याकाळी मी दुकान आवरत होते आणि दर्शनाताई आत आल्या. चष्मा बघायला आल्यासारख्या एक फ्रेम हातात घेऊन म्हणाल्या, "वाडीवरून फोन आला होता."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"कोणाचा?"

"ते राहू दे. मला तू सांग. तुझं आणि त्या मुलाचं काही आहे का?"

मला समोर फक्त साळूबाई दिसली. तिच्याच खोकल्यासकट.

"मी चिडलेली नाही," ताई म्हणाल्या. "पण असेल तर उद्यापासून तू तिथे नाही. नसेल तर विषय संपला. खरं काय ते सांग."

उद्यापासून. उद्या फायनल. मी तुम्हाला खरंच सांगते, मी माझा विचार केला नाही. मला फक्त तो दिसला, टीमचा टी-शर्ट घालून ओट्यावर वाट बघत बसलेला, आणि पायवाटेवरून कोणी येत नाही.

"काही नाही, ताई," मी म्हणाले.

त्यांनी फ्रेम जागेवर ठेवली. "बरं. मग उद्या मीही येते तुझ्याबरोबर. पुन्हा भेटून घेते त्यांना."

रात्रभर मी त्याला मेसेज करत होते. 'ताई येतायत', 'काही बोलू नकोस', 'फोन कर'. सगळ्यांपुढे एकच टिक. त्या घरात रेंज येते ती आबांच्या खिडकीपाशी, आणि तिथे आबांचा फोन असतो. त्याचा नाही. आणि आबांच्या फोनवर हे कसं सांगणार?

रविवारी ताई पुढे, मी मागे. त्या चढावर त्या एकदाही थांबल्या नाहीत. मीच थांबत होते. गवत आता वाळून पिवळं पडलेलं, वाऱ्याने सळसळत होतं, आणि मला प्रत्येक सळसळ म्हणजे कोणीतरी काहीतरी सांगून टाकतंय असं वाटत होतं.

अंगणात तो उभा. निळा टी-शर्ट, पाठीवर वाडीचं नाव, खांद्याला बॅग. मला बघून हसला, मग ताईंना बघून हसू तिथेच धरून ठेवलं.

"नमस्कार ताई."

"नमस्कार. निघायच्या आधी दोन मिनिटं आत बसू या का सगळे?"

सगळे. आत. म्हणजे त्या पहिल्या दिवसानंतर मी आणि तो पहिल्यांदाच एका छपराखाली, आणि तेही अशा वेळी.

आणि आत बघते तर आबा. दाढी केलेली, केसांना तेल, नवी कोरी चादर, उशाशी पितळेच्या ताटात बेसनाचे लाडू. चेहऱ्यावर असा आनंद की मला कळेना, आज फायनल ह्यांची आहे की काय.

"या, या, बसा बाई," आबा म्हणाले. "स्वतः आलात. लय बरं केलंत. ऋत्विक, च्या टाक."

"चहा राहू दे," ताई म्हणाल्या. "मी एकच गोष्ट विचारायला आलेय. ऋत्विक, तेजश्री आमची मुलगी आहे, तिची जबाबदारी माझ्यावर. तुमच्या दोघांचं काही आहे का?"

बाहेर कोंबडी केकाटली. मी ताईंच्या मागे उभी होते, तिथून मी मान हलवली. नाही. नाही म्हण. त्याने माझ्याकडे पाहिलं. बरोबर पाहिलं, मला खात्री आहे. आणि मग खांद्यावरची बॅग काढून खाली ठेवली.

"माझ्याकडून आहे, ताई."

मी डोळे मिटले.

"तिने कधी काही म्हटलेलं नाही. मी पण नाही म्हटलं. पण तुम्ही विचारताय तर... आहे. नाही म्हणून सांगायला तोंड होत नाही."

"तुम्हाला माहीत आहे मग काय होतं?"

"माहीत आहे. ती येणार नाही. रविवार जाईल." त्याने बॅगेकडे पाहिलं. "गेला तर गेला. रविवार वाचवायला तिला नाही म्हणायचं, हे जमणार नाही."

ताई अगदी हळू म्हणाल्या, "मी तिलाही विचारलं होतं काल. ती म्हणाली, काही नाही."

तो चेहरा मला विसरता येत नाही. पडला नाही, उतरला नाही. नुसता... आवरला. जसं कोणी पसारा आवरतं.

"मग नाही," तो म्हणाला. "मग काहीच नाही. सॉरी ताई." त्याने बॅग उचलली, आबांच्या पायांवरची चादर सारखी केली, आणि माझ्या बाजूने बाहेर गेला. मला बोलायचं होतं. शप्पथ, तोंडात होतं. पण ताई समोर, आणि मी कालची खोटारडी. गडग्यापलीकडे पावलं वाजली आणि लांब गेली.

"नाय कशी म्हणाली?" आबा उठायची धडपड करत होते. "काय गो पोरी? नाय म्हटलंस? अगो मग मी फोन कशापायी केला?"

"तुम्ही केलात?" मी म्हणाले.

"मग कोण करणार? पोराकडनं मागणी घालायला वडीलधारं माणूस जायला लागतं. माझे पाय हे असे. म्हटलं, ही बाई तुझी मोठी, तिच्याच कानावर घालू. भिंतीवर नंबर चिकटवलेला हाय तुमचा." त्यांनी ताईंकडे पाहिलं. "बाई, म्या तुमाला काय म्हटलं? पोरगी आमाला द्याल काय, येवडंच म्हटलं ना? वाईट बोललो काय?"

ताईंनी कपाळाला हात लावला. "नाही हो, आबा. पण तुम्ही... लग्नाचं विचारताय म्हटल्यावर मला चौकशी करावीच लागली ना."

"चौकशी करा की. खोड नाय पोराला. बॉल टाकतो तेवढंच."

म्हणजे मी ज्या म्हातारीला रात्रभर शिव्या घातल्या, तिने काही केलंच नव्हतं. आणि ती आता दारातच उभी होती. आवाज ऐकून आलेली, हातात काठी.

"काय झालं कुशाबाला?" साळूबाईने विचारलं.

"काही नाही आजी," ताई म्हणाल्या. "या ना आत."

"येऊ काय? नक्की?"

"म्हणजे?"

"न्हाय, तुमीच म्हणालात पहिल्या वक्ताला, आजी, आता आमी आहोत, तुमी काय बघू नका. मी तर आधी रोजच्याला येऊन बसायचे ह्याच्याजवळ. मग म्हटलं, संस्थेनं घर हाती घेतलं, आता आपण कशाला मधे. माझ्या लेकाला, भागोजीला पण म्या सांगितलं, जायाचं नाय. तिथनंच बघत बसते आपली, पोरगी एकटी काय काय करते... हात शिवशिवतात बघा."

सगळा हिवाळा. सगळा हिवाळा ती बाई यायला मागत होती आणि मी तिला चहाडखोर समजत होते. ताईंचं तोंड तर बघण्यासारखं झालं होतं. पहिल्या भेटीत आपण धीर द्यायला बोललेलं वाक्य वाडीने हुकूम म्हणून पाळलंय, हे त्यांना तिथे उभ्या-उभ्या कळत होतं.

"आजी," त्या शेवटी म्हणाल्या, "तुम्हाला आणि भागोजींना मी शिकवते सगळं. कुशीवर वळवायचं, नळीचं, सगळं. दर रविवारी बसाल?"

"बसायला काय, बशीन की."

"तेजश्री." ताई माझ्याकडे वळल्या. "नियम बदलणार नाही. तू या घरात विसावाची म्हणून परत यायचं नाहीस."

"हो, ताई."

"आणि माझ्याशी पुन्हा खोटं बोलायचं नाहीस."

"नाही, ताई."

"मग इथे काय करतेस? आज मी बसलेय."

त्या चपला घालायला मला किती वेळ लागला ते विचारू नका, डावीउजवी झाली होती. मागून आबा ओरडत होते, "लाडू तरी घे गो," पण मी वळणाच्या पुढे गेले होते.

फाट्यावर टमटम नाही. एका सिमेंटच्या टेम्पोला हात केला. ड्रायव्हरच्या शेजारी बसून मी सारखी पुढे झुकत होते, तसं झुकल्याने टेम्पो लवकर जातो असं वाटत होतं. ग्राउंडवर पोचले तेव्हा धूळ, माणसं, वडापावचा वास, आणि माईकवाला घसा फोडून बोलतोय. शेवटून दुसरी ओव्हर. समोरच्या टीमला थोडेच रन हवेत.

"आज ऋत्विकचं काय बिनसलंय कळत नाही मंडळी, आधीच्या ओव्हरला दोन वाईड, एक सिक्स. घरून भांडून आलाय का काय..."

शोधला. बाउंड्रीवर उभा होता, चुन्याच्या रेघेच्या आत, माझ्याकडे पाठ. मी माणसांतून वाट काढत त्याच्या बरोबर मागे जाऊन उभी राहिले.

"ऋत्विक."

पाठ ताठ झाली.

"मागे बघू नकोस, बॉल येईल."

"तू इथे? आबांजवळ..."

"ताई आहेत. साळूबाई आहेत. आबा लाडू वाटतायत. पुढे बघ."

बॉल टाकला गेला. एक रन. तो पुढेच बघत होता, पण कान मागे. दिसत होतं मला, कान लाल झालेले.

"मी ताईंना काल खोटं सांगितलं," मी म्हणाले.

"का?"

"हो म्हटलं असतं तर आज तू इथे नसतास."

बॅट्समनने गार्ड घेतला. शेजारचे दोन काका माझ्याकडे टकाटका बघायला लागले होते, पण आता माघार नव्हती.

"आणि मग तू येडपटासारखं हो म्हणालास," मी म्हणाले. "मी मान हलवत होते ना समोर."

"दिसली मान."

"मग?"

"मला वाटलं, माझा रविवार वाचवायला हलवतेस. म्हणूनच सांगितलं. मग ताई म्हणाल्या, तू खरंच नाही म्हणालीस, तेव्हा..." त्याने गुडघ्यांवर हात टेकले. "मग खरं काय आहे, तेजू?"

तेजू मला आई पण म्हणत नाही.

"खरं हे आहे," मी म्हणाले, "की मी तुझ्यावर... मला तू आवडतोस. तू नसताना जास्त आवडायचास. आता असताना बघायचंय."

आणि बॉल उडाला. उंच. सरळ त्याच्याकडे. सगळं ग्राउंड "कॅच" ओरडलं, त्याने दोन्ही हात वर केले, बॉल हातात आला, आणि तो... सुटला. टप्पा पडून रेघेबाहेर माझ्या पायाशी.

"सोपा कॅच सोडलाय मंडळी," माईकवाला म्हणाला, "आणि हसतोय. कॅच सोडून हसतोय. ह्याला कोणीतरी पाणी द्या."

तो खरंच हसत होता. बॉल घ्यायला वाकला तेव्हा पहिल्यांदा मागे वळून बघितलं. मधे चुन्याची रेघ आणि शिव्या देणारी त्याची सगळी टीम.

शेवटची ओव्हर. कॅप्टनने कपाळावर हात मारून घेतला आणि तरी त्यालाच हाक मारली. तो निघाला, आणि चार पावलं जाऊन परत आला. खिशातून फोन काढला. खेळताना कोणी खिशात फोन ठेवतं का? हा ठेवायचा. बॉल टाकतानासुद्धा. आबांचा आला तर, म्हणून.

"घेशील?" त्याने फोन माझ्यापुढे धरला. "आला तर तू बोल."

मी घेतला. गरम होता, त्याच्या अंगाचा. आणि तो रिकाम्या खिशाने पळत ग्राउंडच्या मधोमध गेला.

पहिला बॉल, रन नाही. दुसरा, एक. मी मोजायचं सोडलं. मला कळत होतं ते एवढंच, की तो बॉल टाकायला धावतो तेव्हा डावा खांदा जरा झुकतो, आणि हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं, मी बघत होते. शेवटचा बॉल राहिला, दोन रन हवे होते त्यांना. तो मागे चालत गेला, वळला.

आणि माझ्या हातात फोन थरथरला. 'आबा'.

नळी अडकली, श्वास अडकला, काय काय डोळ्यांपुढून गेलं. तिकडे तो धावायला लागला होता. मी फोन कानाला लावला.

"आबा? काय झालं?"

"मला काय होतंय?" आबा म्हणाले. "ही बाई मला डाव्या कुशीवर वळवते नि मग उजव्या. साळू तिला शिकवते. तू सांग, पोचलीस काय? बोललीस काय त्याच्याशी?"

"बोलले, आबा."

"मग? काय करतोय तो आता?"

"धावतोय," मी म्हणाले. "बॉल टाकायला धावतोय... वर उडी मारली... टाकला..."

"सांग की गो."

बॅट फिरली. खालून बॉल गेला. मधली दांडी उडाली, आबा, मी ओरडले, मधली, आणि पलीकडून आबा साळूबाईला सांगत होते, ताईंना सांगत होते, जणू त्यांनीच टाकला होता. आणि ग्राउंडच्या मधोमध सगळे त्याच्या अंगावर पडलेले असताना तो त्या ढिगाऱ्यातून मान वर काढून माझ्याकडे बघत होता. मी फोन वर करून दाखवला, अंगठ्याने... सगळं ठीक आहे.